विहीणबाईंच्या तंबूची दुरुस्ती

आदरणीय विहीणबाई यांस,

सादर नमस्कार. शुक्रवारी डोंगरावर जायचे असल्याने तंबू पाठवून द्यावा, हा आपला निरोप कन्येमार्फत मिळाला. तंबू आज जावईबापूंच्या हाती पाठवत आहे. पण तो आपण उघडाल, उघडल्यावर बघाल आणि बघितल्यावर आपल्या सुनेला विचाराल. ती माझीच मुलगी असल्यामुळे खरे काय ते सांगून टाकेल. त्यापेक्षा आधी मीच कळवलेले बरे, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले.

आपली तब्येत उत्तम असेलच. (ज्या बाईला साठीनंतर पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढावासा वाटतो, तिच्या तब्येतीची चौकशी करणे हा नुसता उपचार; पण उपचार टाळू नयेत.) व्याह्यांचा खोकला थांबला का? नसल्यास त्यांना म्हणावे, औषध बाटलीतच राहिले तर गुण बाटलीला येतो. इकडे सर्व ठीक. ह्यांची डावी टाच सोडल्यास ह्यांची प्रकृतीही चांगली आहे. टाचेचा विषय पुढे येईलच.

तंबू आमच्याकडे कसा आला ते आपल्याला माहीत आहे. आम्ही घर रंगवायला काढले आणि वासाने ह्यांच्या शिंका थांबेनात. ते कळताच आपण तंबू पाठवून दिलात, आणि रंगकाम संपेपर्यंत ह्यांचा मुक्काम मागच्या अंगणात हलला. रंगाऱ्याने मला विचारले, "काका बाहेर का झोपतात?" मी म्हटले, "तुमच्यामुळे." त्याने त्याचा काय अर्थ लावला कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो माझ्याशी फार अदबीने वागू लागला आणि सांगितलेल्या दिवशी काम संपवून गेला. तो अर्थ मी दुरुस्त केला नाही.

आता माझ्या माहेरची एक शिस्त सांगते, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. उसनी आणलेली वस्तू आली त्यापेक्षा बऱ्या स्थितीत परत गेली पाहिजे, असे माझी आई म्हणे. जशीच्या तशी तर कोणीही परत करतो. मी हा नियम आजवर मोडलेला नाही. समोरच्या बाईंचा कुकर आमच्याकडून नवी रिंग आणि आतून घासलेली शिट्टी घेऊन घरी गेला. (त्यानंतर त्यांनी मला काही उसने दिलेले नाही. कुकर आता शिट्टीच करत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. नाही केली तर नाही केली, घरात शांतता असलेली काय वाईट?) तेव्हा ह्यांनी अंगणातून अंथरूण आत आणले त्याच दिवशी मी चष्मा लावून आपला तंबू तपासायला बसले.

खालच्या कोपऱ्यात एक भोक सापडले. करंगळी जाईल एवढे. मी आपल्याला दोष देत नाही. माणूस डोंगरात हिंडायला लागला की घरच्या वस्तूंकडे दुर्लक्ष व्हायचेच. पण ते भोक तसेच ठेवून तंबू परत पाठवायचा, आणि त्यातून पाणी शिरून आपण डोंगरावर भिजायचे, हे मला पटण्यासारखे नव्हते. मुलीच्या सासूला भिजवणे ही साधी गोष्ट नव्हे. आपण त्याबद्दल मुलीला एक शब्द बोलणार नाही हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त काळजी वाटली. बोलणारी सासू परवडते, न बोलणारीचे मोजमाप लागत नाही.

भोक मी शिवून टाकले. कापड निसरडे असल्याने साधी सुई ऐकेना, म्हणून पोती शिवायचा दाभण घेतला आणि दुहेरी दोऱ्याने असे टाके घातले की तंबू फाटेल, पण टाका उसवणार नाही. शेजारी एक शिवण सैल वाटली, तीही पक्की केली. मग ह्यांना आत बसवले, दार लावून घेतले आणि वरून झारीने पाणी सोडले.

"येतंय का?" मी विचारले.

"येतंय," हे आतून म्हणाले.

"कुठून?"

"तू शिवलंयस तिथून. एकेका टाक्यातून एकेक थेंब. रांगेत येतायत, कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही."

पूर्वी भोक एक होते, आता टाक्यागणिक झाले, असा त्याचा अर्थ. ह्यांनी एवढे सांगून बाहेर यायचे, की नाही? हे आतच वाटी मागू लागले. ह्यांची सगळी नोकरी धरणांच्या खात्यात गेली हे आपल्याला ठाऊक आहे. त्या खात्यात गळती थांबवत नसत, मोजत असत. वाटी भरायला किती वेळ लागतो ते बघून ह्यांनी समाधानाने जाहीर केले, "काळजीचं कारण नाही. गळती मर्यादेत आहे." मी म्हटले, "धरणाखाली गाव झोपतं, ते लांब असतं. इथे विहीणबाई झोपायच्या आहेत."

त्यावर ह्यांनी दुरुस्ती स्वतःच्या हातात घेतली. शर्टाच्या कॉलरला आतून लावतात ते इस्त्रीने चिकटणारे कापड ह्यांना कुठेसे सापडले होते. मी भाजी आणायला गेले असताना ह्यांनी ते टाक्यांवर ठेवले आणि वरून गरम इस्त्री फिरवली. विहीणबाई, तंबूचे कापड जळले नाही. जळले असते तर वास तरी आला असता. ते पळाले. इस्त्रीचे टोक जिथे टेकले तिथून ते चहूकडे मागे सरत गेले, आणि मधोमध इस्त्रीच्या नाकाच्या आकाराची खिडकी उरली. मी परत आले तेव्हा हे त्या खिडकीतून अंगणाकडे बघत होते. "निदान जुनं भोक राहिलं नाही," एवढेच म्हणाले. ते खरे होते. जुने भोक, माझे टाके आणि त्यांच्या आजूबाजूचा प्रदेश, काहीच राहिले नव्हते. शेजारची शिवण तेवढी वाचली. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, असे आपण म्हणतो. ज्याने म्हटले त्याच्याकडे इस्त्री नसावी.

तंबू घेऊन मी छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, त्यात डोके घालून बघितले. मग म्हणाला, "बाई, हे काम मी केलं तर याची छत्री होईल. आणि एवढी मोठी छत्री तुम्ही धरणार कशी?" प्रश्न बरोबर होता, पण त्यासाठी मला तिथे ताटकळायची गरज नव्हती. तिथून ताडपत्रीच्या दुकानात गेले. दुकानदाराने ट्रकच्या छताला लावतात ती काळी चिकटपट्टी दिली आणि सांगितले की ही एकदा बसली की निघत नाही. दुकानदार क्वचितच इतके खरे बोलतात. ती प्रथम माझ्या बाहीवर बसली, मग ह्यांच्या चष्म्यावर, आणि जेव्हा तंबूवर बसली तेव्हा भोकाच्या चार बोटे बाजूला. निघत नाही म्हणून मी रंगाऱ्याचे उरलेले थिनर लावले. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाले आहे. कशात काय विरघळते हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. चिकटपट्टी विरघळली. तिच्या खाली पाणी अडवणारा लेप होता, तोही विरघळला. परीक्षेत एका वेळी एकच पदार्थ विचारत असत.

अशा स्थितीत कन्या आली. तंबू दिवाणखान्यात पसरलेला, मी एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. तिने सर्व हकीकत ऐकली आणि विचारले, "आई, पहिलं भोक होतं तरी कुठे?" मी जागा दाखवली. तिने त्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "त्याला बाहेरून झाकण होतं का? कापडाचं, जिभेसारखं?"

होते. झाकण वाचवून शिवताना मला बराच त्रास झाला होता.

"ते भोक नव्हतं गं आई. आत दिवा लावायला वायर न्यायची जागा आहे ती. सासूबाईंच्या तंबूला एकही भोक नव्हतं."

यावर मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की ज्याने तंबू बनवला त्याने तिथे तसे लिहायला हवे होते. दाराला दार म्हणून लिहावे लागत नाही हे मान्य. पण दार करंगळीएवढे नसते.

कन्येने मग पिशवी तपासली. तंबूच्या पिशवीला आतून एक कप्पा आहे, तो आपल्याला माहीत असेल. दुरुस्तीसाठी त्याच कापडाचे दोन तुकडे आणि चिकटद्रव्याची एक लहान नळी त्यात असते, असे ती म्हणाली. कप्पा रिकामा होता. चौकशीअंती उलगडले ते असे. कापडाचे तुकडे ह्यांना पहिल्याच दिवशी सापडले होते आणि मऊ लागले म्हणून हे तेव्हापासून त्यांनी चष्मा पुसत होते. नळीवरची अक्षरे बारीक, आणि चष्मा त्या वेळी पुसायला काढलेला, त्यामुळे ती मलमाची समजून ह्यांनी टाचेच्या भेगेत रिकामी केली. भेग बुजली, हे मान्य करायला हवे. ती आता उघडतच नाही. पायमोजा मात्र दोन दिवस निघत नव्हता, आणि अंघोळीत त्या टाचेवर पाणी ठरत नाही. कन्या म्हणाली, "म्हणजे चिकटद्रव्य चांगलं आहे." ही मुलगी आपल्या घरी गेल्यापासून फार समजूतदार झाली आहे.

नवी नळी तिनेच आणून दिली आणि कृती सांगितली. ती मी तंतोतंत पाळली. ह्यांना बागेला पाणी घालायला पाठवले. फाटल्याच्या कडा सरळ कापल्या, जागा स्पिरिटने पुसली, सुकू दिली. चष्मा पुसलेले तुकडे धुऊन त्यांचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपरा पहिला उचलला जातो. (हे माणसांनाही लागू आहे, पण पत्र तंबूविषयी आहे.) एक ठिगळ ह्यांच्या खिडकीवर बसवले, दुसरे लेप गेला होता तिथे. मी पक्की केलेली शिवण आतून त्याच द्रव्याने भरून घेतली. ठिगळांवर ह्यांचे धरणविषयक अहवाल वजन म्हणून ठेवले. इतक्या वर्षांत त्यांचा कुणाला तरी उपयोग झाला, याचा ह्यांना आनंद झाला.

या खेपेला चाचणीला मी स्वतः आत बसले. ह्यांच्या साक्षीवर माझा विश्वास उरलेला नाही. पाणी यायच्या आधीच "येतंय" म्हणायची ह्यांना सवय लागली आहे. ह्यांनी बाहेरून झारी धरली, मग नळाला पाइप लावला. कापडावर पाण्याचा आवाज होत होता आणि मी कोरडी होते. आत कुणी काही विचारत नव्हते, दाराची घंटा ऐकू येत नव्हती, आणि उजेड जरा हिरवट, डोळ्यांना बरा वाटेल असा होता. पाइप बंद झाल्यावरही मी बाहेर आले नाही, कारण गळती उशिराही सुरू होऊ शकते. ह्यांनी चहा आणून दिला. तोही आतच घेतला. संध्याकाळी हे दाराशी वाकून म्हणाले, "अगं, पाणी केव्हाच थांबलंय." मी सांगितले की चाचणी चालू आहे.

आत पाण्याचा एक थेंबही आला नाही. तेव्हा आपण निश्चिंत मनाने डोंगरावर जावे आणि न भिजता परत यावे. व्याह्यांना नमस्कार सांगावा.

आपली,
विहीण

ता. क. 'एक थेंबही आला नाही' असे वर लिहिले आहे ते ह्यांना पत्र वाचून दाखवायचे होते म्हणून. आता हे झोपले आहेत. दाराकडून डाव्या हाताच्या कोपऱ्यात पाणी झिरपते. फार नाही. ह्यांना कळले असते तर हे वाटी घेऊन आले असते.

दुसरे ता. क. तो कोपरा दुरुस्त करायला अजून अवधी आहे, पण मी त्याला हात लावणार नाही. हात लावल्यावर काय होते ते आपण वाचलेच. आणि ह्या अवस्थेत तंबू देऊन आपल्याला एकटीला पाठवणे माझ्या तत्त्वात बसत नाही. तेव्हा त्या कोपऱ्यात मी झोपेन. तंबूत दोन बायकांना जागा होते, मी आडवी होऊन पाहिले आहे. मी घोरत नाही. (ह्यांचे मत वेगळे आहे, पण ह्यांच्या साक्षीविषयी वर लिहिले आहे.) हे केवळ कर्तव्य म्हणून, गैरसमज नसावा. नकार द्यायचा असल्यास शुक्रवारच्या आत कळवावे. मात्र खाली दिल्याप्रमाणे सामान पुढे आलेले आहे.

जावईबापूंच्या हाती दिलेले सामान: तंबू, पुसून व वाळवून. दांड्या, खुंट्या, दोऱ्या, आल्या तेवढ्या. चिकटद्रव्याची नळी, अर्धी, ह्यांच्यापासून दूर ठेवलेली. माझी झोपायची पिशवी, नवी. माझा रेनकोट. डोंगर चढायचे बूट एक जोड, माझ्या मापाचे, गेला महिनाभर घरातल्या घरात घालून मऊ केलेले.