फाटकापुढच्या टेलिफोन चेंबरला झाकण मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
भूमिगत टेलिफोन वाहिनी कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : मनकर्णाबाई बाजीराव थेटे, वय ६६, शिक्षण चौथी, मूळ राहणार ता. कन्नड, हल्ली मुकुंदवाडीच्या पुढे नवी वसाहत, प्लॉट नं. १७.

विषय : कागदावर बसलेले झाकण चेंबरवर बसविणेबाबत.

संदर्भ : आपली पोचपावती, दि. ५ जुलै २०२५, वार शनिवार.

महोदय,

१) अर्जदार बाईचा मुलगा इंद्रजीत याने यंदा नवे घर बांधले. टेलिफोनची तार खांबावरून मिळणार नाही, जमिनीखालून नळी घ्या, असे आपल्या माणसांनी सांगितले. घेतली. रस्त्यापासून घरापर्यंत चर खणून नळी पुरली आणि फाटकाबाहेर तीन फूट रुंद, पाच फूट खोल चेंबर बांधले. बांधकामात खोट काढत नाही. बोंब आहे ती झाकणाची.

२) झाकण घेऊन शफीक टेम्पोवाला आला तो शनिवारी. शनिवारी लोखंड घरी घेत नाहीत, हे आमच्याकडचे शेंबडे पोरही सांगेल. त्यात वास्तुशांतीला आठ दिवस झाले नव्हते. अर्जदार बाईने टेम्पो माघारी लावला. शफीक म्हणाला की, आज्जी, लोखंड नाय, ओतीव बीड हाय, आज घ्या, माझी फेरी पुन्हा नाय. त्यावर अर्जदार बाई म्हणाली की, बीड काय झाडाला लागतं व्हय रं? सोमवारी आण. त्याने फेरी झाल्याचा म्हणून कागद पुढे केला. अर्जदार अंगठेबहाद्दर नाही, सही करते. सही केली. चष्मा घरात होता आणि वाचून दाखव म्हणणे अर्जदार बाईला कमीपणाचे वाटले. कागदावर 'झाकण मिळाले, बसविले' असे छापलेले होते. ही चूक अर्जदार बाईची आहे. फेरी पुन्हा नाही हे शफीकने आधीच सांगितले होते, त्याला बोल लावू नये.

३) सोमवारी झाकण आले नाही. इंद्रजीत आपल्या खिडकीवर गेला. बसलेले झाकण दुसऱ्यांदा देता येत नाही, चोरीला गेले असेल तर पोलिसांचा दाखला आणा, असे उत्तर मिळाले. चौकीवर गेला तर ते म्हणाले, जे आलंच नाय ते चोरीला कसं जाईल? दोन्ही ठिकाणची माणसे शहाणी आहेत. खड्डा मात्र उघडा आहे.

४) आम्ही हात जोडून बसलो नाही. वर शहाबादी फरशी टाकली, तर पाण्याच्या टँकरचे चाक जाऊन तिचे दोन तुकडे आत पडले. बाजारातून झाकण आणले ते आपल्या चौकटीत बसेना, एका कडेने आत घसरे. पत्रा टाकला तो लगेच काढला, कारण पत्र्यावर पोर बिनधास्त पाय देईल. माती टाकून बुजवावे तर पुढच्या नऊ घरांच्या तारा त्यातून जायच्या आहेत, बुजवाल तर गुन्हा दाखल होईल, असे आपणच बजावले. पावसाने आत छातीइतके पाणी साचले आहे.

५) आता मुख्य गोष्ट. इंद्रजीतची मुलगी प्रेरणा चार वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या नातीला 'अगं थांब' म्हणून हाक मारता येते. अर्जदार बाईची हाक अख्ख्या गल्लीत जाते, पण या पोरीपर्यंत जात नाही. बापाची गाडी दिसली, शेळीचे करडू दिसले की ती फाटकाकडे पळते. पळताना मागे वळून बघत नाही. कशाला बघेल?

६) मंगळवार दि. १५ रोजी दुपारी अर्जदार बाई ज्वारी निवडत होती. वर पाहिले तर फाटक उघडे. चेंबरच्या पाण्यावर पोरीची एक चप्पल तरंगत होती. अर्जदार बाईने हाका मारल्या नाहीत, त्यांचा उपयोग नव्हता. ती लुगड्यासकट आत उतरली. पाणी गढूळ, खाली काही दिसेना. पायाने चाचपडले. पायाला मऊ लागले. साहेब, ते पोतं होतं. पण ते पोतं आहे हे कळेपर्यंत जे झालं ते अर्जात लिहिता येत नाय. शेजारच्या गुलशनभाभी धावत आल्या, त्यांच्या कडेवर प्रेरणा होती, बिस्कीट खात. भाभींना अर्जदार बाई वर ओढता येईना, तरी त्या म्हणाल्या, खाला (म्हणजे मावशी), पहले बाहर आओ, शिव्या नंतर द्या. अर्जदार बाई शिव्या देत नव्हती. दात वाजत होते, ते बंद होईनात.

७) त्या दिवसापासून अर्जदार बाईने चेंबरवर बाज टाकली आहे आणि पोर फाटकाआड गेल्याशिवाय ती उठत नाही. येणारे-जाणारे विचारतात, आज्जी, टेलिफोनची राखण का? विचारू द्या. पण म्हाताऱ्या माणसाचा डोळा लागतो. काल लागला. जाग आली तेव्हा पोर बाजेखाली वाकून पाण्यात बघत होती. अर्जदार बाईने दोन नवरात्रं उभ्याने काढली, दीर-भावकीपुढे कधी मान खाली घातली नाही. ती आता भ्याली आहे. लई भ्याली आहे.

८) तरी विनंती की, झाकण पाठवावे. शनिवार असो, अमावस्या असो, घेऊ. सही चुकून केली, खोटं लिहून दिलं, जे लिहायचं ते अर्जदार बाईच्या नावावर लिहावे, चष्मा लावून सही करीन. अर्ज लिहिताना पोरीला लुगड्याच्या पदराने कमरेला बांधले आहे. ती सुटायला ओढते आहे, रडते आहे, आणि का बांधलं हे तिला कसं सांगावं ते अर्जदार बाईला कळत नाही. तिला ऐकू येत नाही. आपल्याला येते, असे धरून हा अर्ज केला आहे.

कोणापुढे हात न जोडलेली, आज जोडून,
(सही) मनकर्णाबाई बाजीराव थेटे
दि. १७ जुलै २०२५

सोबत : पोचपावतीची झेरॉक्स, चेंबरचा फोटो.