लॅपटॉपवरचा माग

शिवलीलाक्का,

पाळण्याजवळचा लॅपटॉप बंद करू नको! खरखर ऐकू येईल, पण तो बिघडलेला नाही. तू गच्चीवर पापड घालत होतीस, तेवढ्यात तुझ्या ईरूनं घर डोक्यावर घेतलं. म्हणून मी लॅपटॉपवरच्या आवाज बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट नॉईज बनवला. स्क्रीनवर एक चौकोन टाकायचा, रेघ ओढून स्पीकरच्या चौकोनाला जोडायची, की सगळे सूर एकत्र कालवल्यासारखी खरखर सुरू. तरी पोरगं ऐकेना. मग आणखी एक चौकोन जोडून ती खरखर तोडली, खटक-खटक, आपल्या मागासारखी.

अप्पा खुर्चीतून डोळे मिटूनच ओरडले, "प्रभ्या, माग लई पळवतोस. धागा तुटंल की! हळू घे."

मी खटक-खटकच्या वेगाचा आकडा कमी केला.

"हां, आता बरोबर."

दोन मिनिटांत ईरू झोपला. अप्पापण!

हाक मारली असती तर दोघंही उठले असते, म्हणून ही चिठ्ठी. मी क्लासला पळतोय. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी होऊ देऊ नको. ईरू उठला तर खुशाल उचल, पण लॅपटॉप चालूच ठेव. माग विकल्यापासून अप्पा आज पहिल्यांदा घोरतायत.

प्रभु