मनगटावरची तार

चिमे,

आधी ड्रायव्हरच आला. केस खांद्यापर्यंत, म्हणून त्यालाच तुझा गिटारवाला समजून मी चांगला कप दिला. खरा मागून आला, टकला, हात थरथरणारा. तू पंधरा वर्षांची असताना त्याने गर्दीत फेकलेली तुटकी तार तू झेललीस ना, ती आता संग्रहालयाला हवी म्हणे; त्यांनीच कुठल्याशा जुन्या फोटोवरून आपलं घर शोधलं. म्हटलं, "अहो, तीस वर्षं तिने ती मनगटावरून काढली नाही. ती गेल्यावर आम्हीही काढली नाही."

तो म्हणाला, "ताई, नाव काय होतं तिचं?"

त्याच्या दर वाढदिवसाला तू त्याला पत्र टाकायचीस, ते मी बोलले नाही. नाव तेवढं सांगितलं. त्याने तळहातावर लिहून घेतलं. तुझ्याच खुर्चीत बसला होता गं. तारेच्या जागी संग्रहालयात लावायला तुझा फोटो न्यायला गुरुवारी परत येतात दोघं.

तुझी आई