सहाशे बारा

४ मार्च
आले बाई एकदाची. खोली लहान, पण ऐसपैस खिडकी आहे आणि समोरच डोंगरातल्या बंद पाणबोगद्याचं तोंड. दिवेलागणीला बाहेर पडणारी वटवाघळं मोजायची, एवढंच काम. खटका दाबला की आकडा सरकतो, असं यंत्र दिलंय. सून म्हणाली, आई, आता वटवाघळांनाही तिकीट फाडा. फाडीन की! एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, एक डोकं चुकलं नाही. ही तांबूस जात फक्त याच बोगद्यात उरलीय. पाचशेच्या खाली गेली तर ‘धोक्यात’ धरतील आणि शेजारची दगडखाण थांबेल. सध्या शेरा आहे, ‘धोका नाही’. आधीचे मोजणीदार न सांगताच निघून गेले म्हणे. चपला मात्र दाराशीच विसरलेत. पुसून ठेवल्या.

५ मार्च
संध्याकाळी सहाशे बारा. पण दुपारी टॉर्च घेऊन आत गेले होते, तेव्हा दोनशेही लटकत नव्हती. बाकीची कुठून आली? कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मावशी, चष्म्याचा नंबर तपासा.

९ मार्च
खाणीत सुरुंग उडाला की आत पिल्लं टपाटपा पडतात. आज पदरात वेचली, चाळीस. जिवंत एकही नाही. आत उरलीत एकशेदहा. संध्याकाळी पुन्हा सहाशे बारा. साहेब म्हणतात, फॉर्मात रकाना फक्त संध्याकाळचा. तळपायाची आग मस्तकात गेली. तीन पत्रं लिहिली, तिन्ही परत.

१४ मार्च
आज नीट कान दिला. पहिल्या सत्तरांच्या पंखांची फडफड ऐकू येते. मागून येतात त्यांचा आवाजच नाही. पंखही दिसत नाहीत. तरी माझं बोट खटका दाबत राहतं.

१७ मार्च
आत एकतीस. संध्याकाळी यंत्र टेबलावर ठेवून हात मांडीखाली दाबून बसले. तरी यंत्रावर सहाशे बारा.
कार्यालयातून कागद आला. संख्या स्थिर, धोका नाही, खाण वाढवायला परवानगी. यांना सांगून सांगून माझी जीभ झिजली.

१९ मार्च
जुनी वही चाळली. अकरा वर्षं, रोज सहाशे बारा. आधीच्या मोजणीदाराच्या शेवटच्या ओळीत मात्र सहाशे अकरा. पुढे सही नाही, काही नाही. थेट माझं अक्षर—
मुलगा म्हणतो, परत ये. खरा आकडा एकदा कागदावर चढू दे, मग येते. त्या पिल्लांसाठी तेवढं तरी—

२१ मार्च
आत एकही नाही. बोगदा रिकामा. आता तरी शून्य लिहितील.

संध्याकाळ.
सहाशे अकरा.
साहेबांना कळवलं. म्हणाले, एक कमी आहे, नीट मोजा, होईल पुरा.

सामान बांधलंय. सकाळच्या गाडीने—
खिडकी बंद केली होती मी.
चपला कधी काढल्या आठवत नाही. दाराशी आता दोन जोड आहेत.
छत फार जवळ आलंय. डोक्याच्या नव्हे, पायांच्या—
यंत्र टेबलावर. मी बोट लावलेलं नाही. खटका आपला आपण खाली—
सहाशे बा