मिनलला कांजिण्या आल्याच नव्हत्या

आई,

साईराजच्या पाठीवर घामोळं नाही, कांजिण्या आहेत. तू बाजारात गेल्यावर वहिनी त्याला डॉक्टरांना दाखवून आली. मला ऑफिसला निघायचंय, म्हणून लिहून ठेवतेय.

रविवारी मिनलचं डोहाळजेवण इथे करायचं नाही. तू म्हणशील, तिला लहानपणीच येऊन गेल्यात, आता परत कशाला येतील? पण तिच्या पूनम सागर सोसायटीत दोनशे बायकांचं रक्त तपासलं ना, कांजिण्यांविरुद्धची ताकद किती जणींच्या अंगात आहे ते बघायला? ती बातमी मीच केली होती. एकोणसाठ जणींच्या रक्तात ती सापडली नाही. मिनलने तिचा रिपोर्ट मला वाचायला दिला होता. त्या एकोणसाठांत ती आहे. मी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून नाव आणि वय पुन्हा तपासून घेतलं. पोटुशी असताना हा धोका घ्यायचा नाही. गेल्या पंधरा दिवसांत ती इकडे आलेली नाही, हे बरं झालं.

लांज्याला कडुनिंबाच्या पाल्यावर तू जिला झोपवायचीस ती मी होते, आई. माझ्या भुवईवरचा खड्डा बघ.

नवव्या महिन्यात करू सगळं. मी तिला अजून काही बोलले नाही. माझ्याशी ती वाद घालेल, तुझ्याशी नाही. तूच फोन कर. मी आजारी होते तेव्हा तिला आत्याकडे पाठवलंस, तिने रडून घर डोक्यावर घेतलं, तरी तू ऐकलं नाहीस. आताही ऐकू नकोस.

संचिता