सुधीरसाहेबांच्या जागी

१२ डिसेंबर १९९८, पोलादपूर

एस.टी.तून उतरलो तर दत्ताराममामा जीप घेऊन स्टँडवर हजर! परळचा छापखाना बंद पडल्यापासून चार महिने नुसता बसून होतो. आज पुन्हा माणसात आलो. मामा इथं आप्पासाहेबांकडे पंधरा वर्षं ड्रायव्हर आहे. सावित्रीच्या वाळूचा सगळा धंदा आप्पासाहेबांचा, पंचवीस-तीस ट्रक त्यांचे, आणि मामाच्या बोलण्यावरून तालुकाही त्यांचाच. मला ट्रकच्या कागदपत्रांचं काम आहे.

बंगला मोठा, रस्त्याला लागून. माडीवर गॅलरी. मला खालची खोली, गादी, पंखा. आप्पासाहेबांनी मला उजेडात उभं केलं, हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे फिरवला आणि मोठ्यांदा हसले. म्हणाले, दत्ताराम, तू सांगितलंस ते खोटं नाही. मी त्यांच्या मुलासारखा, सुधीरसाहेबांसारखा दिसतो म्हणे. सगळे हसले, मीही हसलो. दुपारी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. पोटभर जेवलो.

माझ्या बहिणीला, मंजूलाही इथं स्वयंपाकघरात काम मिळेल का, असं मी मामाला विचारलं. वरंधच्या वर आमच्या वाडीत उरलीत तीन घरं, तिथं आई नि ती दोघीच. मामा म्हणाला, बघतो.

२१ डिसेंबर

सुधीरसाहेब पाहिले. आरशात बघितल्यासारखं वाटलं, फक्त त्यांच्या डाव्या भुवईत एक जुनी चीर आहे. त्यांनी मला त्यांचे चार सदरे दिले. महाडहून न्हावी आला, त्यानं माझे केस त्यांच्यासारखे कापले. गंमत म्हणून मला जीपमध्ये मागे बसवून बाजारात फिरवलं. लोक उठून उभे राहत होते. हॉटेलवाल्यानं स्वतः चहा आणून दिला.

खरं सांगतो, बरं वाटलं. दहा वर्षं छापखान्यात मला कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. एका म्हातारीनं मात्र मला बघून नातीला ओढत घरात नेलं आणि दार लावलं.

७ जानेवारी १९९९

मंजू आली. स्वयंपाकघरात आहे. मला बघून आधी डोक्यावर पदर घेतला, मग ओळखलं आणि हसून हसून खाली बसली.

काल नाते गावात सत्यनारायणाच्या पूजेला सुधीरसाहेबांच्या जागी मीच गेलो. ते पुण्याला होते. काही बोलायचं नाही, नमस्कार करायचा, हार घ्यायचा. कुणाला कळलं नाही. कागदपत्रांचं काम कधी सुरू होणार, ते मामाला विचारलं. म्हणाला, हेच काम.

१९ जानेवारी

जानू स्वयंपाक्यानं पाणी आणायला उशीर केला म्हणून सुधीरसाहेबांनी त्याला पट्ट्यानं मारलं. तो पडल्यावरही मारत राहिले. आप्पासाहेब तिथंच पेपर वाचत होते. पान उलटलं, वर बघितलं नाही.

दुपारी मला मागच्या पडवीत बोलावलं. आप्पासाहेब म्हणाले, एवढं एकच राहिलंय. चौघांनी हातपाय धरले. ब्लेड न्हाव्याच्या हातात होतं. डोकं मामानं धरलं. माझ्या सख्ख्या मामानं. कानाशी तोंड आणून म्हणाला, हलू नको रे, वाकडं जाईल.

भुवईला टाके आहेत. लिहिताना डोळ्यावर ठणका लागतो.

३ फेब्रुवारी

तुडीलला महादू म्हणून एक होडीवाला होता. त्याच्या शेताच्या बांधापर्यंत वाळू उपसत नेली म्हणून गेल्या आठवड्यात तो वाळूच्या ट्रकपुढे आडवा झोपला. सुधीरसाहेबांनी ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि स्वतः ट्रक अंगावर घातला. पुढे नेला, परत मागे घेतला. जानूनं मला हे कुजबुजत सांगितलं. महादूच्या बायकोनं, सगुणाबाईनं, हे सगळं बघितलं. त्याच्या तिघा भावांनी नदीत उभं राहून शपथ घेतलीय.

सुधीरसाहेब सोमवारपासून बंगल्यात नाहीत. मला हुकूम आहे: रोज सकाळी आठ ते दहा गॅलरीतल्या खुर्चीवर बसायचं. रस्त्यावरून दिसलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

आज गॅलरीत गोळी आली. कानाजवळून गेली, मागच्या दाराची फळी फुटली. मी खाली पडलो. आप्पासाहेब आतून म्हणाले, उठ, बस, अजून दहा वाजले नाहीत.

मी उठलो आणि बसलो. असा कसा बसलो मी?

मामाच्या पाया पडलो, मला घरी सोड म्हणालो. हो म्हणाला, उद्या सोडतो.

११ फेब्रुवारी

सोडलं नाही. फाटकावर दोन माणसं आहेत. मंजूला भेटू देत नाहीत. स्वयंपाकघराला बाहेरून कडी.

१५ फेब्रुवारी

भाजीच्या टेम्पोत गोणपाटाखाली लपून निघालो. वरंधला उतरलो आणि भर उन्हात डोंगर चढलो. आईला घेऊन थेट मुंबई गाठायची आणि मंजूसाठी पोलिसांत जायचं, असं ठरवलं होतं.

पडवीत कुणीतरी जेवत होतं. माझा निळा सदरा. माझ्या ताटात. आई वाढत होती. म्हणत होती, चंदन, अजून एक भाकरी घे.

सुधीर.

मी अंगणात उभा राहिलो. तो हसला आणि जेवत राहिला. मी 'आई' म्हणालो. पलीकडची येसूबाई दारात आली होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आई म्हणाली, "सायेब, तुमी हितं कशाला आलाव? आमी गरीब मानसं."

मग पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ आली. हळूच म्हणाली, "जा रे बाबा. मंजू त्यांच्या घरात हाय. दोघांतला एक तरी ऱ्हाऊ दे मला."

मी पाणी प्यालो. तांब्या तिच्या हातात परत दिला.

उतारावर जीप घेऊन मामा उभा होता. त्यानं माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

१६ फेब्रुवारी

मंजूला इथं मी आणलं. मीच.

मामाला विचारलं, किती दिवसांपासून ठरलं होतं? म्हणाला, तू मुंबईतच होतास तेव्हापासून. आप्पासाहेबांना शत्रू फार, एक माणूस लागणारच होता. पुढं म्हणाला, माझी पण पोरं हायत.

लहानपणी जत्रेत खांद्यावर घेऊन फिरवायचा तो मला —

२० फेब्रुवारी

आप्पासाहेब आज गोड बोलले. तुडीलवाल्यांशी समेट करायचाय. मी जाऊन हात जोडायचे, बस. मग मंजूला घेऊन मोकळा.

विश्वास नाही. पण नाही म्हणालो तर मंजू —

२२ फेब्रुवारी, तुडील

मामानं नदीवरच्या पंपाच्या खोलीत बसवलं. म्हणाला, पंचांना घेऊन येतो. बाहेरून कुलूप लावून गेला.

पंच नाहीत. महादूचे भाऊ आहेत. फटीतून कोयते दिसतात.

ओरडून सांगितलं, मी सुधीर नाही. चंदन. वरंधच्या वरच्या वाडीतला. एकजण म्हणाला, सुधीरसारखा दिसनारा एक हाय असं कानावर आलंवतं, म्हनून चंदनच्या घरी काल आमी जाऊन आलो. त्याच्या आयशीनं दाखवला आमाला, पडवीत बसलाय.

कुलपावर दगड घालतायत —

थांबले. बाईचा आवाज. सगुणाबाई. तिनं त्यांना अडवलं. म्हणते, हा रडतोय. तो रडनारा न्हवता. चुकीचा मानूस मारून माझा धनी परत येनार नाय.

देव तिचं भलं करो.

म्हणते, दत्तारामाला बोलवा. पंधरा वर्षं त्यांची गाडी चालवतोय, तो ओळखंल.

गेले बोलवायला.

आला. फटीतून दिसतोय. सगुणाबाईनं विचारलं, आत कोन हाय? तुज्या पोरांच्या गळ्याची आन घालते, खरं सांग.

मामा खाली बघतोय. बोल ना मामा. एकदा नाव घे माझं —

वर बघितलं. म्हणतोय, "सुधीरसायेबच. मीच घेऊन आलोय त्यांना."

सगुणाबाई दारातून बाजूला झा