बोक्या आता भुंकत नाही

ता. ३, सोमवार

जागा मिळाली एकदाची! तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधून लांबलचक पॅसेज. पॅसेजच्या टोकाला अडगळीची खोली आहे, तिचं दार इतकं फुगलंय की धड लागत नाही, धड उघडत नाही. घटस्फोटानंतरचं हे माझं पहिलं घर, त्यामुळे ते दारसुद्धा मला गोड वाटतंय. चिऊनं (वय वर्षे सहा) खिडकीजवळची जागा स्वतःसाठी राखून ठेवली. वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. आमच्या कुत्र्याचं नाव बोक्या आहे, हे ऐकून त्या हसल्या नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं.

ता. ५, बुधवार

बोक्या भुंकतो. पूर्वी नव्हता भुंकत. इथे मात्र पॅसेजमध्ये उभा राहतो, मानेवरचे केस ताठ, आणि अडगळीच्या दाराकडे बघून तासन् तास घसा फोडतो. दारामागे मी दोनदा बघितलं. एक मोडकी खुर्ची आणि धूळ.

मालकीणबाई सकाळी खाली उतरून सांगून गेल्या की महिनाअखेरीपर्यंत गप्प बसला नाही तर कुत्रा तरी जाईल नाही तर तुम्ही. मी जागा बदलू शकत नाही. आणि बोक्याला देऊन टाकलं तर चिऊचं काय? बाबा गेल्यापासून ती त्याच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय झोपत नाही.

ता. ७, शुक्रवार

व्हिडिओवरून कुत्र्यांना शिकवणाऱ्या एक ट्रेनरबाई मिळाल्या. म्हटलं, हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं! पण बाई हुशार निघाल्या. फोन खाली, बोक्याच्या उंचीवर ठेवायला लावला. त्याची चटई दारापासून नऊ पावलांवर टाकायची. त्यानं दाराकडे बघितलं की भुंकायच्या आत ‘शाब्बास’ म्हणायचं. तो वळून माझ्याकडे बघतो, लगेच चीजचा तुकडा. बघ, वळ, खा. जमलं की दुसऱ्या दिवशी चटई एक पाऊल पुढे. अंतर रोज लिहून ठेवा, म्हणाल्या, प्रगती अंतरावरूनच कळते. तेव्हा या वहीत आता बोक्याचाही हिशेब.

अंतर: नऊ पावलं.

ता. ११, मंगळवार

पाच पावलं! एकदाही भुंकला नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. मालकीणबाई जिन्यात चक्क हसल्या. चिऊनं बोक्यासाठी पुठ्ठ्याचं पदक केलं, त्यानं ते खाल्लं.

ता. १४, शुक्रवार

कामाच्या गडबडीत तीन दिवस चटई हलवली नाही. पाच पावलांवरच आहे. पण बोक्या आज दाराकडे बघत नव्हता. अलीकडे बघत होता, पॅसेजच्या मधोमध. मान वर करून, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघतो तशी. मग वळून माझ्याकडे. मी सवयीनं शाब्बास म्हटलं, तुकडा दिला.

ट्रेनरबाई स्क्रीनवर खूश. म्हणाल्या, अंतर कमी झालं की नाही? मी हो म्हटलं.

तीन पावलं. चटई मी हलवलेली नाही.

ता. १७, सोमवार

चटई उचलून पुढच्या खोलीत आणली. बोक्या आता खोलीच्या उंबऱ्याकडे बघतो. वर. मग माझ्याकडे.

जिन्यात मालकीणबाई भेटल्या. आधीच्या भाडेकरूंचा कुत्रा दोन वर्षं भुंकत होता, म्हणाल्या, याच पॅसेजमध्ये, शेवटी सगळ्यांनाच बाहेर काढलं; तुमचा मात्र दोन आठवड्यांत शहाणा झाला. कौतुकानं सांगत होत्या. तो दोन वर्षं भुंकला आणि दोन वर्षं ते दारापाशीच राहिलं.

‘ते’ लिहिलं मी. खोडत नाही.

ता. १८, मंगळवार

भुंकणं हेच कुंपण होतं. मी माझ्या हातानं, एकेक तुकडा चीज देऊन काढलं ते.

ट्रेनरबाईंना फोन लावला, याला पुन्हा भुंकायला शिकवा म्हटलं. त्या म्हणाल्या, शिकवलेलं एका दिवसात पुसता येत नाही, आठवडे लागतील. मी गुडघ्यांवर बसून स्वतः भुंकले. चिऊ पोट धरून हसली. बोक्यानं मान तिरकी करून मला बघितलं. मग चिऊच्या मागे बघितलं. मग परत माझ्याकडे, शेपूट हलवत.

तुकडा दिला नाही. तरी तो वाट बघत बसला.

ता. १९, बुधवार

चिऊ जिथे जाते तिथे. चित्र काढत होती — तिच्या डोक्यावर बघतो. दूध पीत होती — तसंच. मी तिला उचलून घेतलं तर माझ्या खांद्याच्या मागे —

अंतर: एक.

ता. २०, गुरुवार

सकाळ. निघतोय. बहिणीकडे. बॅग भरली, टॅक्सी पाच मिनिटांत. भाडं, सामान, सगळं खड्ड्यात जाऊ दे.

मी खुर्चीवर बसून लिहितेय, टॅक्सी येईपर्यंत. चिऊ बाहेरच्या दारापाशी उभी, माझ्याकडे पाठ. बूट घालून झाले. बोक्याचा पट्टा माझ्या डाव्या हातात. तो गप्प. भुंक ना रे. एकदा तरी भुंक —

चिऊच्या शेजारी बघितलं. आता माझ्याकडे. शेपूट हलतंय.

बाहेर हॉर्न.

चिऊ म्हणतेय आई हळू धर ना, हात दुखतोय. तिचा हात वर उचललेला आहे. मी इथे, खुर्चीवर. माझ्या एका हातात पेन, दुसऱ्यात पट्टा, मी तिचा हात —